सेकंदाचा साठावा भाग

म्युनिकहून विमानतळाकडे जाणारी एस१ लोकल उंटरश्लाइसहाइमला थांबते. पर्यटक मात्र एक स्टेशन आधीच, ओबरश्लाइसहाइमला उतरलेले असतात, कारण राजवाडा तिथे आहे. उंटरश्लाइसहाइम हे म्युनिक जिल्ह्यातलं लोकसंख्येनं सर्वांत मोठं गाव. वस्ती तीस हजारांच्या आसपास, शहराचा दर्जा मिळाला तो २००० साली. कार्यालयांच्या काचेच्या इमारती, नीटनेटकी घरं आणि शेजारून जाणारा ए९२ हा ऑटोबान, एवढंच नवख्याच्या नजरेत भरतं. मोटारवेड्यांच्या नकाशावर मात्र ही जागा मोक्याची आहे. दक्षिणेला, म्युनिकच्या उत्तर टोकाशी, बीएमडब्ल्यूचं संशोधन केंद्र आहे. पूर्वेला काही किलोमीटरवर, गार्शिंगमध्ये, त्याच कंपनीचा ‘एम’ विभाग आहे. १९७२ साली अवघ्या ३५ माणसांनिशी शर्यतीच्या गाड्यांसाठी सुरू झालेला हा विभाग आज साध्या बीएमडब्ल्यूला दात-नखं देण्याचं काम करतो. आणि २०१८ साली खुद्द उंटरश्लाइसहाइममध्ये बीएमडब्ल्यूनं स्वयंचलित गाड्यांचं केंद्र उघडलं. चालकाला हौसेनं चालवावीशी वाटावी अशी गाडी शेजारच्या गावात, आणि चालक लागूच नये अशी गाडी इथे.

या परिसरातल्या रस्त्यांवर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची चिकटपट्टी अंगभर गुंडाळलेल्या गाड्या दिसतात. बाजारात न आलेल्या मॉडेलचं अंग लपवण्याची ही तऱ्हा. त्या नक्षीमुळे कडा कुठे संपते, खोलगट भाग कुठे सुरू होतो हे डोळ्याला नीट लागत नाही, आणि कॅमेऱ्याच्या फोकसचीही दिशाभूल होते. अशा गाड्यांचे फोटो काढून मासिकांना विकणं हा १९५०च्या दशकापासून जर्मनीत चालत आलेला धंदा आहे. अमेरिकेत ब्रेंडा प्रिडी या बाईंनी १९९२ साली एका दुकानाच्या पार्किंगमध्ये उभी असलेली, बाजारात न आलेली फोर्ड मस्टँग टिपली आणि पुढे तोच त्यांचा पेशा झाला. पण उभी गाडी टिपणं वेगळं आणि धावती टिपणं वेगळं. धावती गाडी धावताना दिसायला हवी असेल, तर त्याहून वेगळं. हे प्रकरण त्या तिसऱ्या कामाबद्दल आहे. त्याआधी गाडी वेगवान करणाऱ्यांकडे एक चक्कर मारायला हवी, कारण त्यांची अडचणही फोटोग्राफरसारखीच आहे.

त्यांची पहिली अडचण हवेची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं. एक बऱ्यापैकी गुळगुळीत गाडी घेऊ, जिच्या समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा गुणाकार ०.६ चौरस मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटरला नुसती हवा कापायला तिला दहा-अकरा हॉर्सपॉवर पुरतात. २५० ला लागतात सुमारे १६५, ३०० ला २८५ आणि ३४० ला ४१० च्या वर. म्हणजे २५० वरून ३०० वर जायचं तर १२० घोडे केवळ हवेला खाऊ घालायचे. टायर, गिअर, बेअरिंग यांचा हिशेब वेगळाच.

हे गणित ज्याला खरोखर कळलं होतं असा माणूस म्युनिकच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, फाफेनहाउझेन नावाच्या खेड्यात सापडतो. आलॉइस रूफ यांच्या वडिलांनी तिथे १९३९ साली दुरुस्तीचं गॅरेज काढलं. मुलानं त्याला पोर्शच्या गाड्यांना नवा जीव देणारा कारखाना केलं. १९८७ साली त्यांनी सीटीआर ही गाडी आणली आणि अमेरिकन पत्रकारांनी तिच्या पिवळ्या रंगावरून तिला ‘यलोबर्ड’ म्हटलं. फोक्सवॅगनच्या एरा-लेसियन इथल्या चाचणी मार्गावर ती ताशी ३३९ किलोमीटरला पोहोचली आणि तिथे जमलेल्या फेरारी, लॅम्बोर्गिनी मागे पडल्या. पुढच्या वर्षी इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर तिनं ३४२ गाठले. तिच्या दोन टर्बोंच्या इंजिनाची ताकद ४६९ हॉर्सपॉवर होती, आणि लोक हाच आकडा लक्षात ठेवतात. मला तिच्या अंगावरून काढून टाकलेल्या गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. पोर्शच्या टर्बो मॉडेलचे फुगलेले मागचे मडगार्ड रुबाबदार दिसायचे. रूफनी अरुंद अंगाची साधी ९११ निवडली, कारण रुंद अंग म्हणजे जास्त हवा. छताच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ त्यांनी काढून टाकून कडा गुळगुळीत केली. दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं. ट्युनिंग म्हणजे घोडे वाढवणं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी या पन्हळीचा विचार करावा.

आजचं ट्युनिंग बहुतेक वेळा पान्यानं होत नाही, लॅपटॉपनं होतं. टर्बो इंजिनात किती दाबानं हवा भरायची, किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे गाडीतला संगणक ठरवतो. कंपनी हे आकडे हात राखून लिहिते. कुठे पेट्रोल हलक्या दर्जाचं असेल, कुठे ४५ अंशांचं ऊन असेल, कुणी ऑइल बदलायची तारीख चार महिने ओलांडलेली असेल. त्या सगळ्यांना पुरेल असा राखीव साठा त्यात असतो. ‘रिमॅप’ करणारा त्या साठ्यात हात घालतो. हवेचा दाब थोडा वाढवला, ठिणगी थोडी आधी टाकली, की ताकद वाढते. पण दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपणहून पेटू लागतं, आणि इंजिनातून तो ठकठक आवाज येतो ज्याला आपले मेस्त्री नॉकिंग म्हणतात. म्हणून हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर लागतो, मग मोकळा सायलेन्सर, मग क्लच, मग ब्रेक. चांगला ट्युनर शेवटून सुरुवात करतो, म्हणजे आधी ब्रेक. असे ट्युनर सगळीकडेच कमी.

जर्मनीत या सगळ्याला कागदाची साथ लागते. स्प्रिंग बदलून गाडी तीन सेंटिमीटर खाली आणली, तरी त्या सुट्या भागाचं प्रमाणपत्र हवं, आणि बहुतेक बदलांसाठी ट्यूफसारख्या संस्थेच्या तपासनिसाची सही हवी. ती नसेल तर गाडीचा रस्त्यावर धावायचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. अल्पिना या कंपनीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. बुर्कार्ड बोव्हेनझीपेन यांच्या घरचा व्यवसाय टाइपरायटरसारख्या कार्यालयीन यंत्रांचा. त्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला बीएमडब्ल्यू १५०० साठी वेबरच्या जोड कार्ब्युरेटरचा संच केला. त्यानं गाडी पळायला लागली हे तर खरंच, पण तो संच बसवल्यावरही कंपनीची वॉरंटी कायम राहील असं बीएमडब्ल्यूनं मान्य केलं आणि तिथून त्यांचं नशीब फळफळलं. १९६५ मध्ये अल्पिनाची रीतसर स्थापना झाली, १९८३ मध्ये सरकारनं तिला स्वतंत्र मोटार उत्पादक म्हणून मान्यता दिली, आणि २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूनं हे नावच विकत घ्यायचा करार केला. वेगाच्या धंद्यात एक शिक्का वीस घोड्यांपेक्षा जास्त कामाला येतो.

आपल्याकडे कागदाची वाट फार अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की आरसी बुकात जे लिहिलं आहे आणि कंपनीनं जे मूळ रूप दिलं आहे त्यात बदल करायचा नाही. सीएनजी किटसारख्या काही गोष्टींना परवानगीची वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. तरी पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात रिमॅप करून देणारे आहेतच, त्यांची गिऱ्हाइकंही आहेत. तपासून, शिक्का मारून परवानगी देणारी यंत्रणा नसली, की चांगला मेस्त्री आणि हातचलाखी करणारा दोघेही एकाच अंधारात काम करतात. यात तोटा चांगल्या मेस्त्रीचा होतो.

आता फोटोग्राफरशी जुळणारी ती अडचण. एवढं करून मिळवलेला वेग वापरायचा कुठे? ऑटोबानच्या काही भागांवर मर्यादा नाही हे खरं, पण ताशी १३० ही शिफारस १९७० च्या दशकापासून आहे, अनेक पट्ट्यांवर ठरावीक मर्यादा आहेत, आणि उरलेल्या जागी रहदारी आहे. बड्या जर्मन कंपन्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपणहून बहुतेक गाड्यांना २५० चा लगाम घातला. रस्त्यावरच्या बेकायदा शर्यती २०१७ पासून फौजदारी गुन्हा आहेत. एकटाच चालक जास्तीत जास्त वेग गाठायला बेदरकार निघाला, तरी त्याला हे कलम लागतं. त्याआधी, २०१६ साली बर्लिनच्या मध्यवर्ती रस्त्यावर दोघांच्या शर्यतीत एका निरपराध माणसाचा जीव गेला होता, आणि खटला खुनाच्या कलमापर्यंत गेला. तेव्हा ट्युनर प्रत्यक्षात विकतो ते वेगाच्या अलीकडचं काहीतरी: थांबलेल्या जागेवरून उसळी, जमिनीला टेकलेली ठेवण, चाकांची रुंदी आणि आवाज. आवाजाचं तर विचारूच नका. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज केबिनमधल्या स्पीकरमधून वाढवून ऐकवला जातो, आणि विजेवरच्या बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी चित्रपटसंगीतकार हान्स झिमर यांनी आवाज रचले आहेत. गाडी उभ्या जागी सुद्धा वेगवान वाटली पाहिजे, ही कारागिरी आहे, आणि तिला फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

चित्रकार अँडी वॉरहॉलनं हेच कुंचल्यानं केलं. १९७९ साली त्यानं बीएमडब्ल्यूची एम१ ही शर्यतीची गाडी अर्ध्या तासाच्या आत स्वतःच्या हातानं रंगवली. गाडी फार वेगात असली की रेषा आणि रंग एकमेकांत मिसळतात, ते मिसळणं त्याला गाडीच्या अंगावर आणायचं होतं. म्हणून रंग ओला असतानाच त्यानं तो बोटांनी फरफटवला. मग ती गाडी त्याच वर्षी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत धावली आणि एकूणात सहावी आली. उभ्या गाडीवर वेग काढायचा, ही कल्पना फोटोग्राफरच्या नेमकी उलटी आहे. त्याला धावती गाडी उभ्या कागदावर काढायची असते.

आणि इथे एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते, की फोटोला वेग कळत नाही. त्याला फक्त अंतर कळतं: शटर उघडं होतं तेवढ्यात काय कुठून कुठे सरकलं. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला पावणेअठ्ठावीस मीटर जाते. शटर १/१००० सेकंद उघडं असेल तर ती पावणेतीन सेंटिमीटर सरकते. १/६० सेकंदात सेहेचाळीस. नवशिका फोटोग्राफर गाडी भरधाव आहे म्हणून घाबरून १/१००० लावतो. सगळं लख्ख येतं, टायरवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात, आणि गाडी पार्किंगमध्ये लावल्यासारखी दिसते. याला कारण चाक. मोटारीच्या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर. म्हणजे १०० च्या वेगाला ते सेकंदाला चौदा फेरे घेतं. १/१००० सेकंदात ते जेमतेम पाच अंश फिरतं, म्हणून आऱ्या गोठतात. १/६० मध्ये ते त्र्याऐंशी अंश फिरतं. पाच आऱ्यांच्या मॅगव्हीलमध्ये दोन आऱ्यांमध्ये बहात्तर अंश असतात, तेव्हा एक आरी दुसरीच्या जागेच्या पुढे जाते आणि चाकाची छान चकती होते. बघणारा आधी चाकाकडे बघून ठरवतो, गाडी चालली आहे की थांबली आहे.

याच चाकात एक गंमत आहे. कॅमेरा हलवलाच नाही, स्थिर ठेवून फोटो काढला, तर चाकाच्या खालच्या आऱ्या स्पष्ट आणि वरच्या धूसर येतात. कारण जमिनीला टेकलेला टायरचा भाग त्या क्षणी जमिनीच्या हिशेबानं स्थिर असतो, तर चाकाचा माथा गाडीच्या दुप्पट वेगानं पुढे जात असतो. १०० च्या गाडीचा टायर वर २०० नं धावतो आणि खाली शून्यावर असतो.

जुन्या फोटोंपैकी वेगाचा सर्वांत प्रसिद्ध फोटो मात्र बिघडलेला म्हणून बाजूला ठेवला गेला होता. फ्रान्सचा झाक-आन्री लार्तिग कोवळ्या वयापासून हातात कॅमेरा घेऊन मोटारी आणि विमानांच्या मागे असायचा. त्याच्या फ्रेंच ग्रां प्रीच्या फोटोत गाडीचं चाक पुढे झुकलेल्या अंड्यासारखं आलं आहे आणि रस्त्याकडेची माणसं, खांब मागे कललेले आहेत. गाडी अर्धी चौकटीबाहेर. फोटोची प्रचलित तारीख १९१२ आहे. जगानं तो डोक्यावर घेतला तो लार्तिगचं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६३ साली प्रदर्शन झालं त्यानंतर. त्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे एक पडदा होता आणि त्यात फट. ही फट काचेच्या प्लेटवरून वरून खाली सरकायची. ओटोमार आन्शुत्स या जर्मन फोटोग्राफरनं १८८८ मध्ये पेटंट घेतलेल्या शटरचीच ही जात. प्लेटवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून आधी चाकाचा तळ टिपला जायचा आणि शेवटी माथा. माथ्याची वेळ येईपर्यंत गाडी पुढे सरकलेली असायची, तेव्हा चाक पुढे झुकलं. लार्तिगनं कॅमेरा गाडीबरोबर फिरवला होता, पण तिच्याइतक्या वेगानं नाही. त्यामुळे गाडी कॅमेऱ्याच्या पुढे निसटली आणि उभी माणसं मागे पडली. दोन्ही कल एकाच चुकीतून आले, पण विरुद्ध दिशांना. पुढे व्यंगचित्रकारांनी वेगवान मोटारींची चाकं तशीच पुढे झुकलेली काढली, आणि आजही आपल्याला ती वेगवान वाटतात. तुमच्या मोबाइलमध्येही सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. चालत्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढा, जवळचे विजेचे खांब तिरके येतील.

लार्तिगनं अर्धवट केलेलं काम नीट केलं की त्याला पॅनिंग म्हणतात. गाडी येताना दिसली की भिंगातून तिला धरायचं, कमरेपासून अंग वळवत तिच्याबरोबर जायचं, मध्येच शटर दाबायचं आणि दाबल्यावरही फिरत राहायचं. बहुतेकांचा फोटो या शेवटच्या पायरीवर जातो, कारण बोट दाबलं की हात थांबतो. गाडी कॅमेऱ्याच्या चौकटीत जागच्या जागी राहिली तर ती स्पष्ट येते आणि मागचं सगळं आडव्या रेघांत वाहून जातं. रस्त्यापासून २० मीटरवर उभं राहिलात, तर १०० च्या गाडीसाठी कॅमेरा सेकंदाला ऐंशी अंशांनी वळवावा लागतो. १/६० सेकंदात तो १.३ अंश वळतो. १०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर आडवे वीस अंश बघते, म्हणजे मागच्या झाडाचं प्रत्येक पान चौकटीच्या साधारण पंधराव्या हिश्शाएवढी रेघ ओढतं. भर दुपारी एवढं शटर उघडं ठेवायचं तर प्रकाश फार होतो. आयएसओ १०० ठेवून ॲपर्चर एफ/२२ पर्यंत न्यावं लागतं, तेव्हा सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण दिसू लागतो. म्हणून अनुभवी लोक भिंगावर करडी काच, म्हणजे एनडी फिल्टर लावतात.

अख्खी गाडी स्पष्ट यावी ही अपेक्षा मात्र भूमितीलाच मान्य नाही. तुमच्या बरोबर समोरचा भाग सर्वांत जास्त कोनीय वेगानं सरकतो, पुढचं आणि मागचं टोक थोडं कमी. साडेचार मीटरची गाडी दहा मीटरवरून गेली, तर टोकांचा हा फरक पाच टक्क्यांचा असतो. गाडी तिरकी येत असेल तर त्याहून बराच जास्त. म्हणून हेडलाइट लख्ख आणि मागची डिकी किंचित पुसट, असे फोटो दिसतात. तो दोष नाही. उलट टोकापासून टोकापर्यंत कोरीव स्पष्ट गाडी आणि मागे प्रचंड वाहती पार्श्वभूमी दिसली, की मी संशयानं बघतो.

त्या संशयाचं उत्तर रस्त्यावर मिळतं. पॅनिंगमध्ये कॅमेरा एका जागी उभा राहून फिरतो, म्हणून जवळचं कुंपण आणि दूरचा डोंगर सारखेच पुसले जातात. जाहिरातीतल्या कित्येक फोटोंत मात्र चाकाखालचं डांबर रेघांचं झालेलं असतं आणि दूरचा डोंगर शांत, स्पष्ट उभा असतो. म्हणजे तिथे कॅमेरा वळला नाही, गाडीबरोबर पुढे सरकला. एक तर तो शेजारून धावणाऱ्या दुसऱ्या गाडीत होता, नाही तर खुद्द त्याच गाडीला बसवलेल्या लांब दांड्याच्या टोकाला. दांड्याच्या पद्धतीत इंजिन बंद ठेवून गाडी माणसं ढकलतात, आणि शटर दोन सेकंद उघडं ठेवतात. ताशी पाच किलोमीटरनं दोन सेकंदांत गाडी २.८ मीटर जाते. ताशी १०० नं धावताना १/१० सेकंदातही ती तेवढीच जाते. फोटोला अंतरच कळतं म्हटलं ते याचसाठी. मग संगणकावर दांडा पुसला, की चार घाम गाळणारी माणसं ढकलत असलेली गाडी ऑटोबान जिंकून निघते. मला यात गैर वाटत नाही. फक्त खाली ‘ताशी २५० किलोमीटर’ असं छापलं, की वाटतं. आता हे मोबाइलवरही आलं आहे. गुगलनं २०२१ च्या पिक्सेल ६ मध्ये पार्श्वभूमी आपोआप वाहवून देणारा मोड दिला. सोय छान आहे, पण चाकं आणि खिडकीच्या कडा तो अनेकदा गोंधळवून टाकतो.

या गणिताचा रस्त्यावरचा उपयोग असा, की उंटरश्लाइसहाइममध्ये फोटो काढायला ए९२ लागत नाही. ऑटोबानवर पायी जायला आणि विनाकारण थांबायला मनाईच आहे. वरच्या पुलावरून काढावं तर गाडी सरळ अंगावर येते, कोनीय वेग जवळजवळ शून्य, रेघा उमटतच नाहीत. वर उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावरची हवा लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये थरथरते. त्यापेक्षा गावातला ताशी ५० च्या मर्यादेचा रस्ता बरा. ५० च्या गाडीला १/३० लावा: पुन्हा तेच सेहेचाळीस सेंटिमीटर, चाक पुन्हा तेवढंच फिरतं. कायदा पाळणारी गाडी कायदा मोडणाऱ्या गाडीइतकीच वेगवान दिसते. जर्मनीत आणखी एक काळजी घ्यावी लागते, चालकाच्या चेहऱ्याची. माणसाच्या संमतीशिवाय त्याचं छायाचित्र प्रसिद्ध करायला तिथे १९०७ पासून कायद्याचा अटकाव आहे. हा कायदा आला त्याला निमित्त झालं ते माजी चॅन्सेलर बिस्मार्कच्या मृत्यूचं. १८९८ मध्ये दोन फोटोग्राफर रात्री घरात घुसून त्याच्या मृतदेहाचा फोटो काढून पळाले होते. फोटो छापण्याआधी नंबर प्लेट पुसायची रीतही तिथे पडली आहे.

हा सराव करायला जर्मनी किंवा स्पोर्ट्स कार लागते असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिल्यापासून पुणे जिल्ह्यात खेड, मावळ, शिरूरकडचे शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले आहेत, आणि तिथे कडेला कॅमेरे घेऊन उभी असलेली पोरं पॅनिंगच करत असतात. चाकाचा नियम तिथे पायांना लागतो. जमिनीला टेकलेला खूर क्षणभर स्थिर, उचललेला पाय बैलाच्याही पुढे धावणारा. म्हणून चांगल्या फोटोत बैलांचे डोळे आणि शिंगं स्पष्ट, पाय वितळलेले आणि मध्येच एखादा खूर मातीत रुतल्यासारखा कोरीव असतो. बैल मोटारीसारखा सरळ रेषेत सरकत नाही, उसळतो. घाटात ज्याचा हात बसला त्याला मोटार सोपी जावी.

धावत्या गाड्यांचे सर्वांत जास्त फोटो अर्थातच फोटोग्राफर काढत नाहीत, वेग मोजणारे सरकारी कॅमेरे काढतात. त्यांची सौंदर्यदृष्टी पूर्ण उलटी, रेघ नको, धूसरपणा नको. जर्मनीत दंड मालकाला नाही, प्रत्यक्ष चालवणाऱ्याला होतो. म्हणून तिथला कॅमेरा समोरून, चेहरा ओळखू येईल असा फोटो घेतो. आपल्या ई-चलनाला नंबर प्लेट पुरते आणि निरोप थेट मालकाच्या मोबाइलवर जातो. गाडी भाच्यानं नेली होती हे मालकानं सांगत बसायचं.

आणि उंटरश्लाइसहाइममधल्या केंद्रात जे काम चाललं आहे, त्या जातीच्या गाड्यांना तर कॅमेरा हाच डोळा. पादचारी पुसट दिसून चालणार नाही, तेव्हा शटर जितकं जलद तितकं चांगलं, असं वाटतं. पण आजचे सिग्नल, वेगमर्यादेचे विजेचे फलक आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे एलईडीचे असतात. ते सलग जळत नाहीत, आपल्या डोळ्याला कळणार नाही इतक्या जलद उघडझाप करतात. सेकंदाला नव्वद वेळा लुकलुकणारा लाल दिवा १/१००० च्या शटरला नेमका विझलेला सापडू शकतो, आणि मग गाडीच्या दृष्टीनं सिग्नल लाल नसतोच. तो हमखास पकडायचा तर शटर किमान ११ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा नव्वदावा भाग, उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात १०० नं जाणारी गाडी एकतीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि भर उन्हात चित्र पांढरंफटक पडतं. यावर सेन्सर बनवणाऱ्यांनी काढलेला एक तोडगा असा: प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन प्रकाशग्राही भाग बसवायचे, एक मोठा आणि एक अगदी लहान. मोठा अंधारातलं बघतो. लहानाला प्रकाश कमी मिळतो, म्हणून तो उन्हातही पूर्ण ११ मिलिसेकंद उघडा राहू शकतो आणि दिव्याची एक तरी लुकलुक त्याच्या हाती लागतेच.